फक्त 'बरं' आणि 'मग?'

फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा कॉलेजने आमच्या हातात एक कागद ठेवला. या कामासाठी विद्यार्थ्याच्या अंगी काय काय असायला हवं, त्याची ती यादी होती. जवळचं आणि लांबचं नीट दिसलं पाहिजे. स्टेथोस्कोपमधली बारीक कुजबुजसुद्धा ऐकू आली पाहिजे. बोटांना स्पर्श कळला पाहिजे, हात थरथरता कामा नये, तासन्‌तास उभं राहता आलं पाहिजे, कितीही गडबड झाली तरी डोकं ठिकाणावर राहिलं पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी, रुग्णाशी नीट बोलता आलं पाहिजे. हे सगळं मला येतं किंवा मी शिकेन, असं म्हणून खाली सही करायची होती.

मी तो कागद घरी नेऊन बाबांना दाखवला. बिबवेवाडीत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "दिसायला हवं, ऐकायला हवं, हातपाय धड हवेत. अगं, स्थळ बघायला येणारे लोकसुद्धा यापेक्षा जास्त विचारतात." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही एक तुला अजिबात जड जाणार नाही. बोलण्यात तू माझी मुलगी आहेस."

मी फुशारून सही ठोकली.

फिजिशियन असिस्टंट म्हणजे काय हे आमच्या सोसायटीत मला निदान चाळीस वेळा सांगावं लागलं. डॉक्टर नाही, नर्सही नाही. डॉक्टरांच्या हाताखाली राहून रुग्णाची हकीकत घ्यायची, त्याला तपासायचं, टाके घालायला हात द्यायचा, फाइल तयार ठेवायची आणि डॉक्टर राउंडला आले की पाच मिनिटांत सगळं मुद्देसूद सांगायचं. शेजारच्या काकूंनी हे शांतपणे ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "म्हणजे नक्की काय?" बाबा म्हणाले, "डॉक्टर व्हायला निघाली होती, एक स्टॉप आधी उतरली." काकूंचं लगेच समाधान झालं. माझं झालं नाही, पण वाक्य चांगलं होतं, त्यामुळे मी भांडले नाही. आमच्या घरात चांगल्या वाक्याला सगळं माफ असतं.

हे घर कसं आहे ते सांगायला हवं. दुकानाच्या काउंटरवर बाबांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: 'दोन्ही बाजूंची झेरॉक्स हवी असल्यास आधी सांगावे. नंतर सांगितल्यास आम्ही फक्त ऐकून घेऊ.' कोणी विचारलं, "इथे झेरॉक्स मिळते का?" तर बाबा मशीनकडे बघत म्हणतात, "नाही, हे आम्ही कपडे धुवायला ठेवलंय." गिऱ्हाइकं चिडत नाहीत. उलट पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतात. मी या वातावरणात वाढले. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणं हे मला अनेक वर्षं बुद्धी कमी असल्याचं लक्षण वाटायचं.

वॉर्डमध्ये आम्हाला शिकवायला एक मॅडम होत्या. बुटक्या, केस पांढरे, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि वाकलं की सापडलो. आमच्या लॉगबुकमध्ये त्या यादीतल्या प्रत्येक क्षमतेपुढे एक चौकोन होता. मॅडमची खात्री पटली की त्या चौकोनात सही करायच्या. खात्री पटणं सोपं नव्हतं, पण मला ते दिवस फार आवडायचे. डोळ्यांची परीक्षा घेताना त्या आम्हाला वॉर्डच्या दारात उभं करायच्या आणि एका मिनिटात एका रुग्णाबद्दल काय दिसलं ते सांगायला लावायच्या. मी म्हणाले होते, "कॉटखालच्या चपलांपैकी डावीचीच टाच झिजली आहे. ते एका पायावर भार देऊन चालत असणार." मॅडमनी सही केली. त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यातल्या सगळ्यांच्या चपला बघत गेले.

हातांची सही मिळवायला मी महिनाभर कोंबडीच्या तंगडीवर टाके घालायचा सराव केला. आईने ती तंगडी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही, म्हणून गच्चीत बसायचे. बाबा वर येऊन बघायचे आणि विचारायचे, "पेशंट वाचला का? नसेल तर रस्सा करू." कानांची सही मिळाली, उभं राहण्याची मिळाली. गडबडीत डोकं शांत ठेवण्याची तर एका दुपारी तीन अपघात एकदम आले तेव्हाच मिळाली. राहिला एकच चौकोन, रुग्णाशी संवाद. तो मी मनातल्या मनात कधीच भरून टाकला होता.

कारण वॉर्डमध्ये मी भलतीच लोकप्रिय होते. कोणी विचारलं, "ताई, सुई दुखेल का हो?" की मी म्हणायचे, "छे, गुदगुल्या होतील." कोणी विचारलं, "घरी कधी सोडणार?" की, "का हो, आमचा कंटाळा आला?" आजूबाजूच्या कॉटवरचेही हसायचे. माणूस हसला म्हणजे मोकळा झाला, असं माझं साधं गणित होतं. मॅडम लांबून बघायच्या आणि सही करायच्या नाहीत.

मग धायरीच्या मावशी आल्या. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत, पण घरामागे दोन म्हशी त्यांनी अजून ठेवल्या होत्या आणि दवाखान्यातही त्यांचा जीव त्या म्हशींतच होता. रक्तदाबासाठी दाखल केलं होतं. मी ऐटीत फाइल उघडली.

"मावशी, काय त्रास होतो?"

"पायात गोळं येत्यात गं बाय."

"किती मोठे?"

"हे येवढालं. लिंबावाणी."

"दोन्ही पायांत?"

"कवा ह्या, कवा त्या. पाठ सोडत न्हाईत मेलं."

"दुखतात?"

"दुखत्यात म्हंजी? आई आठवती!"

पायात गोळा येणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाबांना येतो, आईला येतो, मला स्वतःला पोहताना आला आहे. पण अंगात पांढरा कोट होता, समोर इंग्रजी रकाने होते, आणि मावशींच्या तोंडून निघालेला शब्द माझ्या पेनापर्यंत येईतो इंग्रजी होऊन बसला होता. मी लिहिलं: दोन्ही पोटऱ्यांत लिंबाएवढ्या गाठी, तीव्र वेदना, गाठी जागा बदलतात. आणि कामाची तडफ दाखवायला मावशींना सांगितलं, "काळजी करू नका, गाठींची तपासणी करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडमनी ते सगळ्यांसमोर वाचलं. वाचताना चेहरा अगदी गंभीर.

"जागा बदलणाऱ्या गाठी," त्या म्हणाल्या. "वैद्यकशास्त्रात तू मोलाची भर घातलीस. बसचा पास काढलाय का त्यांनी?"

मग त्या मावशींकडे वळल्या. "मावशी, गोळा आला की पाय चोळता का?"

"चोळल्याबिगर जातोय का त्यो!"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, कारण न हसता उभं राहणं अशक्य होतं. मावशी हसल्या नाहीत. 'गाठी' हा शब्द ऐकल्यापासून त्यांनी अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. सुनेला बोलावून कोणती म्हैस कोणाला द्यायची तेसुद्धा सांगून ठेवलं होतं. आता काही नाही म्हटल्यावर त्या आधी सुटकेने रडल्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काल दिसभर माझा जीव टांगून ठिवलास की गं, पोरी." रक्तदाबाच्या एका गोळीने त्यांच्या अंगातलं मीठ उतरलं होतं, ती बदलली आणि गोळे थांबले. पण त्यानंतर मी कॉटजवळ गेले की त्या भिंतीकडे तोंड करायच्या आणि रक्तदाब मोजायला दुसऱ्या कोणाला तरी बोलावायच्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी मॅडमनी मला खोलीत बोलावलं.

"तुझे डोळे चांगले आहेत, कान चांगले आहेत, हात तर फारच चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "पण ही शेवटची सही मी करू शकत नाही."

"मॅडम, एक शब्द चुकला."

"शब्द चुकू दे गं. तू चार प्रश्न विचारलेस आणि चारही वेळा उत्तर काय येणार ते तू आधी ठरवलं होतंस. आणि तुझे ते विनोद. पेशंट हसतो, तू खूश होतेस, आणि त्याला जे सांगायचं असतं ते राहून जातं."

आमच्या तुकडीची इंटर्नशिप पुढच्या सोमवारी सुरू होणार होती. चौकोन रिकामा राहिला तर मला सहा महिने मागे राहून पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा हाच वॉर्ड करावा लागणार होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी ते बघितलं आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला.

"शनिवारपर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या. "तोवर पेशंटसमोर दोनच शब्द बोलायचे. 'बरं' आणि 'मग?' अशा बोलण्यातून एका तरी पेशंटची पूर्ण हकीकत आण. तिसरा शब्द माझ्या कानावर आला तर पुढच्या तुकडीत भेटू."

"नमस्कार तरी म्हणू का?"

"हात जोड. त्याला शब्द लागत नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "या बाईंना मी साडी देणार आहे." बाबा मात्र हळहळले. पुण्याच्या माणसाकडून बाकी सगळं काढून घेऊन त्याला 'बरं' आणि 'मग?' देणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. आमच्याकडे 'बरं' म्हणजे 'आता निघा'. आणि 'मग?' म्हणजे 'मग मी काय करू?' मी आरशासमोर उभी राहून 'बरं' म्हणून पाहिलं. आरशातली मुलगी कोणाला तरी दुकानाबाहेर काढत होती.

दुसऱ्या दिवशी मला सोबत म्हणून बाबांनी दुकानात प्रयोग करायचं ठरवलं. एक गृहस्थ पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढायला आले आणि सवयीने सांगू लागले की बँकेने पुन्हा एकदा हयातीचा दाखला मागितलाय. एरवी बाबा म्हणाले असते, "द्या की. तेवढंच तुम्हालाही कळेल." त्याऐवजी त्यांनी जमेल तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "बरं," आणि थांबले. गृहस्थ दचकले. मग बोलायला लागले. बँक, मुलगा, गुडघा, सोसायटीची लिफ्ट, गावाकडचा भाऊ. मागे सात-आठ माणसं खोळंबली. बाबांनी घरी येऊन जाहीर केलं, "हे घातक शस्त्र आहे. परवान्याशिवाय वापरू नये." त्यानंतर दोन दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. हातात एकही कागद नव्हता. बाबांनी कुरकुर करत त्यांना आतलं स्टूल काढून दिलं.

वॉर्डमध्ये पहिले दोन दिवस माझे हाल झाले. मी हात जोडायचे, स्टुलावर बसायचे आणि गप्प. रुग्णांना वाटलं माझा घसा बसलाय. एका आजींनी पिशवीतून ज्येष्ठमधाची कांडी काढून माझ्या हातात ठेवली. मला आभारही मानता येईनात. मी "बरं" म्हणून ती चघळत बसले. पण तिसऱ्या दिवशी मला एक गंमत दिसली. मी बोलत नाही म्हटल्यावर लोक आधी अस्वस्थ होतात, मग इकडेतिकडे बघतात, मग आजाराबद्दल काहीतरी थातुरमातुर सांगतात. तिथे आपण प्रश्न विचारला की संपलं. नाही विचारला, तर पुढचं वाक्य खरं असतं. ते पुढचं वाक्य ऐकायला मला इतकी मजा येऊ लागली की जिभेची खाज कमी झाली. तरी पूर्ण हकीकत कोणाचीच हाती लागत नव्हती. डॉक्टर यायचे, नातेवाईक यायचे, जेवण यायचं, आणि गोष्ट अर्धी राहायची.

शनिवार उजाडला. उरले होते ते खिडकीजवळच्या कॉटवरचे काका, कारण त्यांच्याकडे कोणीच जायला तयार नव्हतं.

काका कुठल्याशा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तीन दिवसांपूर्वी सकाळी ते स्वारगेटला बसची वाट बघता बघता कोसळले. ते शुद्धीवर आल्यावर लोकांनी त्यांना गोड चहा पाजला आणि आमच्याकडे आणून घातलं. इथे तपासलं तेव्हा त्यांचं सगळं ठीक होतं. हृदय ठीक, मेंदूचा स्कॅन ठीक, साखरही ठीक. मधुमेहाची गोळी ते वर्षानुवर्षं घेत होते आणि एकदाही चुकवत नव्हते. मग पडले का, ते कोणाला कळेना. माझ्या एका वर्गमित्राने त्यांची हकीकत घेतली होती, आणि काकांची उत्तरं तोपर्यंत सगळ्या कॅन्टीनमध्ये पाठ झाली होती.

"काका, काय झालं होतं?" "पृथ्वी वर आली आणि मला धडकली."

"असं आधी कधी झालं होतं?" "पृथ्वी रोजच फिरते. शाळेत शिकवलं नाही?"

"गोळ्या वेळेवर घेता?" "घड्याळं माझ्यावरून लावतात."

"आणि जेवण वेळेवर?" "जेवण कशाला? हवा खाऊन राहतो."

मित्राने पोट धरून हसून घेतलं आणि फाइलमध्ये लिहिलं: आहार नियमित.

मला तर हा माणूस न बघताच आवडला होता. आमच्या घरात जन्माला यायचा तो चुकून दुसरीकडे गेला असावा. दुपारी मी त्यांच्यासमोर जाऊन हात जोडले आणि स्टुलावर बसले.

"तुम्ही कोण?" काकांनी विचारलं. "आधीचे सगळे संपले का?"

याला देण्यासारखी तीन उत्तरं माझ्याकडे तयार होती. तिन्ही उत्तम. मी ती गिळली. "बरं," मी म्हणाले.

"काय बरं? मुक्या आहात का?"

मी गप्प.

"विचारा ना काय विचारायचं ते. काय झालं, कधी झालं, आधी डोकं फिरलं की आधी मी फिरलो."

"मग?"

"मग काय मग? पडलो. सगळेच पडतात एक दिवस. मी बसस्टॉपवर पडलो एवढंच." त्यांनी चादर सारखी केली. मी बसून राहिले. पलीकडच्या कॉटवर कोणीतरी खोकलं. काका खिडकीबाहेर बघायला लागले. "आता जेवणाचं विचाराल. सांगितलं ना त्या मुलाला. हवा खाऊन राहतो."

आणि मला ते दिसलं. मी सगळा जन्म तिरकं बोलणाऱ्या माणसांत काढला आहे. तिरकं बोलणारा माणूस बोलून झालं की समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. बाण लागला का ते बघायचं असतं ना! बाबा बघतात, मी बघते, मघाशी "मुक्या आहात का" म्हणताना काकांनीही बघितलं होतं. हे वाक्य म्हणताना मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते खिडकीकडेच बघत राहिले. तो टोमणा नव्हताच. ते उत्तर होतं. तीन दिवस एक माणूस आम्हाला सरळ, खरं उत्तर देत होता आणि आम्ही सगळे पुणेकर त्यावर हसत होतो.

"बरं," मी म्हणाले, आणि या वेळी ते आपोआप हळू आलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग मी म्हणाले, "मग?"

"मग काय," काका म्हणाले. "दुपारी डबा येतो मेसचा. चांगला असतो. अर्धा दुपारी खायचा, अर्धा संध्याकाळी, असं ठरवलंय. पण संध्याकाळी ती गार पोळी एकट्याने चावत बसायचा कंटाळा येतो बघ. डबा उघडतो आणि बंद करतो."

त्यांनी मला 'बघ' म्हटलं होतं. इतका वेळ 'तुम्ही' होते मी.

"सहा महिने झाले ती जाऊन. जेवायला ती बसायची समोर. स्वतः आधी जेवून घ्यायची, पण बसायची. सारखी बोलायची. मी म्हणायचो, अगं, घास तरी नीट गिळू दे." ते थोडं हसले. "गोळी मात्र चुकवत नाही मी. तिनेच फोनमध्ये गजर लावून ठेवला होता. तो वाजतो रोज संध्याकाळी साडेसातला. गजर तिचा आहे ना, मग बंद कसा करायचा? वाजला की गोळी घेतो."

संध्याकाळी पोटात अन्न नाही आणि साखर उतरवणारी गोळी रोजच्या रोज. पहाटेपर्यंत साखर पार तळाला. स्वारगेटच्या गोड चहाने ती वर आली, आणि इथे सिस्टर समोर उभ्या राहून जेवायला लावायच्या म्हणून पुन्हा कधी उतरलीच नाही. आम्ही मशिनीतून काकांचं डोकं तपासलं, आणि कारण त्यांच्या डब्यात होतं. मला एकाच वेळी ओरडावंसं आणि रडावंसं वाटत होतं. काहीतरी धीराचं बोलावं असंही फार वाटलं, पण दोन शब्दांत धीर बसेना, म्हणून मी नुसती बसून राहिले. आज वाटतं, तेच बरं झालं. माझ्या तोंडून नक्की काहीतरी चमकदार निघालं असतं.

बऱ्याच वेळाने काकांनी माझ्या मांडीवरच्या फाइलकडे बोट केलं. "त्यात 'नियमित' लिहिलंय ना? ते तेवढं खोड."

मी खोडलं. त्याखाली त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत लिहिली. एकही शब्द इंग्रजी होऊ दिला नाही. गार पोळी, डबा उघडणं आणि बंद करणं, साडेसातचा गजर, सगळं.

मॅडम सहा वाजता राउंडला आल्या. मी उभी राहून वाचायला लागले. 'गजर तिचा आहे' या वाक्याशी आले तेव्हा मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी औषधांचा कागद मागवला, रात्रीची गोळी रद्द केली, त्याऐवजी दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायची वेगळी लिहून दिली, आणि संध्याकाळचं जेवण सोबतीने कुठे घेता येईल ते बघायला समाजसेविकेला निरोप धाडला. माझ्याकडे त्यांनी अजून बघितलं नव्हतं. लॉगबुक माझ्या हातात होतं आणि त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर घामाने ओलं झालं होतं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "आमच्या या मुलीने नीट विचारपूस केली का?"

"विचारपूस?" काका म्हणाले. "छे! तीन दिवसांत काही न विचारणारं हे एकच माणूस भेटलं. म्हणून तर सांगून टाकलं."

मॅडमनी माझ्या हातातलं लॉगबुक ओढून घेतलं आणि काकांच्या औषधांच्या कपाटावर टेकवून शेवटच्या चौकोनात सही केली. मग म्हणाल्या, "बोल आता," आणि पुढच्या कॉटकडे गेल्या.

काय आनंद झाला म्हणून सांगू! सोमवारी मी माझ्या तुकडीबरोबर असणार होते. मी मोबाइल काढला. बाबांना फोन करून पहिलं वाक्य काय म्हणायचं ते जुळवत होते, तेवढ्यात जेवणाची गाडी आली आणि वॉर्डबॉय मामांनी काकांपुढे ताट ठेवलं. सिस्टर त्या वेळी दुसऱ्या टोकाला नव्या पेशंटमध्ये गुंतल्या होत्या.

"सही मिळाली ना तुम्हाला?" काका म्हणाले. "मग निघा आता. घरी वाट बघत असतील."

पुन्हा 'तुम्ही'. आणि बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताटावरचं झाकण तसंच होतं.

मी मोबाइल कोटाच्या खिशात टाकला आणि स्टूल कॉटजवळ ओढलं.

"बसू का?"

"बसायला बंदी आहे अशी पाटी दिसली का कुठे?" काका म्हणाले. मग त्यांनी झाकण उचललं, "दुधी!" असं म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, आणि पोळीचा पहिला तुकडा मोडला.